खांबाला वाईट वाटत नाही

आमच्या घरात मुली दोन होत्या, पण हाक एकच होती, 'दोघी'. दोघी जेवल्या का, दोघी आल्या का, दोघींच्या वेण्या घालून झाल्या का. मी विजया आणि माझी चुलत बहीण विद्या, माझ्याहून जेमतेम काही महिन्यांनी धाकटी. नावंसुद्धा जोडीनं ठेवलेली. मुलुंड पूर्वेला, मिठागराकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाबांनी आणि काकांनी शेजारशेजारच्या दोन खोल्या घेतल्या आणि मधली भिंत पाडून एक घर केलं. भिंत होती तिथे लादीवर एक खडबडीत पट्टा राहून गेला होता, केर काढताना झाडू नेमका तिथे अडकायचा. स्वयंपाक एकच. सकाळी एका बाजूला आईचे घावणे चर्र करत असायचे, दुसऱ्या बाजूला काकीचा मिक्सर खोबरं वाटत घरघरत असायचा आणि त्या आवाजावर आवाज चढवून दोघी जावा गावच्या कुणाकुणाची चौकशी करत असायच्या. वारा फिरला की कचऱ्याच्या डंपिंगचा वास घरात यायचा. मग काकी बोलणं न थांबवता खिडकी लावून घ्यायची आणि वाटणाला पुन्हा हात लावायची.

घराचा नियम एकच होता, दोघींना सारखं. एकाच ताग्यातले फ्रॉक, एकाच दुकानातली दप्तरं. बांगडे आणले की काकी तळण्याआधी तुकडे ताटात मांडून बघायची. डोकं एकीच्या वाट्याला गेलं तर शेपटीकडचे दोन तुकडे दुसरीला. मला ताप आला की विद्याही पेज प्यायची. विद्याचा कान दुखला की लसणीचं कोमट तेल माझ्याही कानात पडायचं, माझा कान ठणठणीत असला तरी. आणि निकालाच्या दिवशी काका आमची प्रगतिपुस्तकं घेऊन यायचे, चपला न काढता दारातच उभे राहायचे आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचे, "दोघी पास!" मग पेढे. कुणाला किती मार्क, पहिली कोण, दुसरी कोण, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारत नसे. पाहुण्यांनी विचारलाच तर आई म्हणायची, "दोघी सारख्याच हो," आणि चहा ठेवायला उठायची.

या नियमामागे एक दुखणं होतं. बाबा आणि काका यांना आणखी एक भाऊ होते, सगळ्यांत थोरले. आजोबा गिरणीत होते, तोंडानं फटकळ. तिन्ही मुलांना जेवायला बसवून रोज कुणाशी ना कुणाशी तुलना करायचे आणि त्यात थोरल्याची रोज वाट लागायची. एक दिवस ते ताटावरून उठले ते कायमचे. राहायचे कुर्ल्याला, म्हणजे काही परदेशी नव्हे, पण गणपतीलाही कधी आले नाहीत. 'कुर्ला' हा शब्द आमच्याकडे आवाज खाली आणून उच्चारला जाई. बाबांनी आणि काकांनी ठरवलं होतं की आपल्या घरात हे पुन्हा होऊ द्यायचं नाही, आणि ते त्यांनी मनापासून पाळलं. आज मी कुणाला हे सांगते तेव्हा लोक म्हणतात, किती छान. छानच होतं. दमवणारंही होतं, पण ते कळायला आम्हाला एक परीक्षा द्यावी लागली.

आम्ही दोघी नर्सिंगला गेलो, अर्थातच एकत्र, आणि घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात एकत्रच लागलो. तेव्हा नर्सेस आयर्लंडला जाण्याची लाट आली होती. अंधेरीला एक एजन्सी होती, तिथली बाई म्हणाली, कागदपत्रं उत्तम आहेत, फक्त ती इंग्रजीची परीक्षा द्या आणि आम्हाला हवे तेवढे गुण आणा. वाचणं, ऐकणं, बोलणं आम्हाला जमत होतं. अडत होतं लिहिण्यात. त्यात पहिलाच प्रश्न असा की एक चार्ट देतात, कमीजास्त उंचीचे खांब किंवा रंगीत फाकांचं वर्तुळ, आणि त्यात सारखं काय, वेगळं काय ते आपल्या शब्दांत लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं.

त्यासाठी ड्युटी संपवून आम्ही स्टेशनजवळच्या एका क्लासला जायचो. खाली फरसाणचं दुकान होतं. जिन्यातून गाठियाचा आणि तळलेल्या मिरच्यांचा वास वरपर्यंत यायचा आणि दिवसभर उभं राहून पोटात पडलेला खड्डा आणखी खोल व्हायचा. शिकवायला लोबो मिस होत्या. कुर्ल्याच्या जुन्या ख्रिश्चन वस्तीतल्या, उंच, गळ्यात चष्म्याची साखळी, मराठी फाडफाड. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला एक चार्ट दिला. दोन गावांत लोक चहा किती पितात आणि कॉफी किती. एका गावचा चहाचा खांब छताला टेकेल एवढा, दुसऱ्या गावचा गुडघ्याएवढा. मी लिहिलं की दोन्ही गावांत चहा प्यायला जातो आणि प्रमाण साधारण सारखंच आहे. विद्यानं तर पुढे जाऊन लिहिलं की दुसऱ्या गावात कमी पितात, पण तिथे दुधाची अडचण असेल, आणि तरीही ते लोक चांगला प्रयत्न करत आहेत.

मिसनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि चष्मा काढला. "काय गं, तुम्ही दोघी नर्स आहात की साधू? एवढा मोठा खांब, एवढा छोटा खांब, आणि ही म्हणते सारखंच आहे. आणि तू, विद्या, त्या गावाची वकील आहेस काय? दूध नव्हतं हे तुला कोणी सांगितलं?"

"मिस, नुसतं कमी आहे असं लिहिलं तर बरं नाही वाटत," विद्या म्हणाली. ती हे अगदी खरेपणानं म्हणाली.

सगळा वर्ग हसला. मिस हसल्या नाहीत. "हे बघ, खांबाला वाईट वाटत नाही. छोटा आहे तर छोटा लिही. आधी सारखं काय ते सांग, मग फरक काय तो सांग, सगळ्यात मोठा फरक आधी. आणि मग थांब. कारण देऊ नको. कारण तुला विचारलेलंच नाही." 'बोथ' आणि 'सिमिलरली' हे सारखेपणाचे शब्द आम्हाला फार लवकर आले. 'व्हेअरॅज' आणि 'बाय कॉन्ट्रास्ट' हे फरकाचे शब्द लिहायची वेळ आली की आमचे हात जड व्हायचे. घरी जाताना विद्या म्हणाली, "यार विजू, ही बाई आपल्या घरी एक दिवस राहिली ना तर वेडी होईल." आम्ही गाठिया घेतले आणि कागदाच्या पुडीत मोजून अर्धे अर्धे केले, सवयीनं.

पहिल्या वेळी आमचे दोघींचेही लिहिण्याचे गुण कमी पडले. घरात कुणाला फारसं वाईट वाटलं नाही, कारण दोघींचे पडले होते. दुसऱ्या वेळी मला कुठून तरी जमलं. परीक्षेच्या हॉलमध्ये चार्ट समोर आला, मी मिसचा आवाज कानात आणला आणि लहान खांबाला लहान लिहून टाकलं. बाहेर आले तर विद्या पायरीवर बसली होती. म्हणाली, "मी पुन्हा कारणं लिहिली गं. हात थांबतच नाही." निकाल पोस्टानं आला. काकांनी खालीच पोस्टमनकडून दोन्ही पाकिटं घेतली, जिन्यात उघडली, वाचली, दारात येऊन उभे राहिले. दोन्ही कागद परत पाकिटांत घातले. मग नेहमीच्या आवाजात ओरडले, "दोघी पास!"

तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतं. त्या परीक्षेत पास-नापास असं नसतंच, नुसते आकडे असतात. एजन्सीला हवे होते तेवढे आकडे माझ्याकडे होते, विद्याकडे नव्हते, एवढंच. पण पेढे वाटले गेले. मजल्यावरच्या बायका ओट्या भरायला आल्या. बाबा एकाच निळ्या रंगाच्या दोन मोठ्या बॅगा घेऊन आले, काकीनं एकाच लोकरीचे दोन स्वेटर विणायला घेतले. विद्याला सांगितलं गेलं की आता थोडे आकडे वाढवायचेत फक्त, पुन्हा एकदा बस. जिन्यात जो भेटेल तो विचारायचा, "काय, दोघी कधी निघणार?" आणि विद्या म्हणायची, "बघू ना, लवकरच." ते म्हणताना ती पायऱ्यांकडे बघायची.

मग ते दिवस आले ज्यांच्याबद्दल मला खरं तर हे प्रकरण लिहायचं आहे, आणि त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार थोडं आहे. ड्युटी, क्लास, घर. ड्युटी, क्लास, घर. माझं काम झालं होतं, तरी मी तिच्याबरोबर क्लासला जात राहिले, कारण ती एकटी गेली असती तर फरक दिसला असता. विद्या पुन्हा बसली, पुन्हा कमी पडले. अंधेरीची बाई मला फोन करायची, की बाई, जागा रिकामी आहे, रुजू कधी होणार? बाबा फोन घ्यायचे आणि म्हणायचे, "दोघी एकत्रच येतील, जरा थांबा." मी बाजूला उभी असायची. परीक्षेचे गुण कायमचे धरत नाहीत, त्यांचीही मुदत असते, ती संपत चालली होती. विद्याच्या मनगटावर पुरळ उठला, ती वॉर्डात ग्लोव्हज काढताना लपवायची. घरी कुणी तिला बोलत नव्हतं. बोलले असते तर बरं झालं असतं. सगळे तिला घोटभर दूध जास्त द्यायचे, आणि मग नियमाप्रमाणे मलाही द्यायचे.

एका संध्याकाळी क्लासच्या जिन्यात ती अचानक थांबली. "विजू, तू म्हण ना गं एकदा."

"काय?"

"की मला येत नाही. मी म्हटलं तर सगळे म्हणतात, असं नको बोलूस, होईल तुझं. तू म्हणालीस तर ऐकतील. मला हे लिहिता येत नाही आणि मला तिकडे जायचंही नाही. पहिल्यांदा जायचं होतं. आता नुसतं झोपायचंय." खाली कढईत काहीतरी पडलं आणि चर्र आवाज झाला. मी म्हटलं, बघू. त्या घरात वाढलेली मुलगी दुसरं काय म्हणणार?

पुढचा निकाल सुट्टीच्या दिवशी घरात उघडला गेला. पाकीट आदल्या दिवशी आलं होतं, पण काकांनी ते देव्हाऱ्यापाशी ठेवलं होतं. दुपारची वेळ. ताटं मांडली होती, बांगड्याचं तिरफळं घातलेलं तिखलं, भात, सोलकढी, विद्यासाठी आणि माझ्यासाठी तळलेले तुकडे वेगळे, सारखे. काकांनी पाकीट फोडलं, वाचलं, घडी घातली. या वेळी पाकीट एकच होतं, तरी ते म्हणाले, "दोघी पास." ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले. विद्यानं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. आमच्या वॉर्डात सारखं टोचून घेऊन कंटाळलेले पेशंट असतात, हात पुढे करतात आणि तोंड फिरवतात, तशी ती दिसत होती.

मी म्हणाले, "नाही काका."

आईचा डाव भाताच्या पातेल्यात थांबला. मला कसं बोलायचं ते माहीत नव्हतं, म्हणून मी लोबो मिसनी शिकवलं होतं तसं बोलले. "आम्ही दोघींनी सारखाच अभ्यास केला. सारख्याच ड्युट्या करून क्लासला गेलो. हवे तेवढे गुण मला मिळाले, विद्याला मिळाले नाहीत. मी जाऊ शकते, ती जाऊ शकत नाही." आणि थांबले. जिभेवर आणखी एक वाक्य आलं होतं, की सलाइनसाठी शीर शोधायची असेल तर वॉर्डातले डॉक्टर मला नाही, विद्याला हाक मारतात. ते खरंही होतं. आमच्या घरात तेही कधी कुणी बोललं नव्हतं. पण ते आत्ता म्हटलं असतं तर ती पुन्हा तीच जुनी समजूत झाली असती, डोक्याच्या बदल्यात शेपटीचे दोन तुकडे. मी ते वाक्य गिळलं. खांबाला वाईट वाटत नाही, पण माणसाला वाटतं, आणि त्या क्षणी मला भयंकर भीती वाटत होती.

"पण असा कशाक?" काकी म्हणाली. काकी घाबरली की मालवणीत शिरायची.

"कारण काही नाही काकी. आहे ते असं आहे."

काकांचा चेहरा उतरला. ते बाबांकडे बघत म्हणाले, "दादा, कुर्ल्याचं असंच सुरू झालं होतं." शेजारच्या टीव्हीवरची बातमी शब्दन् शब्द ऐकू येत होती.

मग विद्या बोलली. "पप्पा, मी नापास झाले. मला म्हणू द्या ना. मी ताटावरून उठत नाहीये, बघा, बसलेय मी. फक्त मला आता दमायला झालंय." तिनं भात कालवला आणि खरोखरच जेवायला लागली. काकी तिच्याकडे बघत राहिली. आपल्याच मुलीकडे एखाद्या नवीन माणसाकडे बघावं तसं. तिनं विचारलं, "मग तुका काय व्हया?"

"आधी तर मला बांगडा नको," विद्या म्हणाली. "मला बांगडा कधीच आवडला नाही."

"काय सांगतस गो? जन्मभर खाल्लंस!"

"विजूला आवडतो म्हणून ताटात यायचा. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

पहिल्यांदा बाबा हसले. मग आई. काकी हसली नाही, ती उठली, गॅस पेटवला आणि कुळथाची पिठी करायला घेतली, तेवढीच, एका माणसापुरती. त्या घरात एका माणसापुरतं काही शिजताना मी पहिल्यांदा पाहिलं. माझ्या ताटात बांगड्याचे सगळे तुकडे आले. मला ते जाईनात, पण मी खाल्ले.

घर मोडलं नाही. हे लिहायला हवं, कारण काकांना मोडेल असं वाटलं होतं. मी निळी बॅग घेऊन एकटी गेले, दुसरी निळी बॅग पोटमाळ्यावर गेली आणि तिच्यात गाद्यांची जुनी कव्हरं राहायला लागली. विद्याच्या मनगटावरचा पुरळ गेला. ती त्याच हॉस्पिटलात पुढे इन्चार्ज सिस्टर झाली, तिचा दरारा मी परदेशात बसून ऐकला. पण फोनवर आता 'विजू कशी आहेस' आणि 'विद्या बरी आहे' अशी वेगवेगळी वाक्यं यायला लागली. 'दोघी' हा शब्द त्या दुपारनंतर आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. मी त्यासाठी रडले आहे, तिथल्या ओल्या थंडीत, पाय सुजलेले असताना, सोलकढीच्या आठवणीनं रडावं त्याहून जास्त. मी म्हणाले ते बरोबर होतं. पुन्हा म्हणायची वेळ आली तर पुन्हा म्हणेन. तरी तो शब्द गेला तो गेलाच. नर्सच्या नोकरीत पन्नाशी म्हणजे इतरांची सत्तरी असते, आणि आता या वयात मला दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत असं म्हणायला कारण लागत नाही.

गेल्या वेळी आले तेव्हा आमची जुनी इमारत पाडून टॉवर झाला होता. घरात गुळगुळीत फरशी, खडबडीत पट्टा कुठे नाही. बाबा नाहीत, आई नाही. काकी आहे, कानानं गेली आहे. काका ऐंशीच्या घरात, माणसं ओळखतात आणि विसरतात. विद्या मला घ्यायला खाली आली होती. तिनं माझ्या हातातली बॅग ओढून घेतली, "सोड गं, तुझे गुडघे बघ आधी," म्हणाली. लिफ्टमध्ये आम्ही आरशात एकमेकींकडे बघितलं. ती जाड झाली आहे, मी वाळले आहे. तिचे केस पांढरे आहेत, मी रंगवते. मी मनातल्या मनात हे सगळं मांडत होते, आधी मोठा फरक, मग लहान.

काका दारासमोरच खुर्चीत बसले होते. आम्ही उंबऱ्यात उभ्या, ती बॅग धरून, मी चपला काढत. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. ओळख लागायला वेळ लागत होता. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला, त्यांनी खुर्चीच्या हातावर हात आपटला आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "दोघी पास!"

"अजून सुधारले नाहीत," विद्या म्हणाली, आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली. "सांग ना, सांग आता."

या वेळी मी काही सांगितलं नाही. मी जाऊन काकांच्या पाया पडले, आणि माझ्या मागोमाग, दुखणारी कंबर धरत, विद्याही वाकली.